मोकळ्या माणसाला बढती

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात वहिनींसारखे हुबेहूब दात कोणी बसवत नसे. सगळेच त्यांना वहिनी म्हणत, वयाने मोठे मॅनेजरसुद्धा. जुने विभागप्रमुख निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी वहिनीच येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मॅनेजरांनी वहिनींना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, पंखासुद्धा वाढवला. तिथेच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

"तुमचे सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यात हे ओझं कशाला? मला तुमची काळजी वाटते हो."

"माझं काम कुठे कमी पडलं का?"

"छे छे! काम सोन्यासारखं. पण या जागेला मोकळा माणूस हवा."

मोकळा माणूस मिळाला. बिनलग्नाचा, बिनघाईचा; सगळे त्याला रावसाहेब म्हणत. मनाने चांगला, पण गप्पिष्ट. संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचा, कारण दिवसा काही उरकायचंच नाही. अडलं की वहिनींच्या घरी फोन. "वहिनी, या आजींचे सुळे जरा आत घेऊ का?" सासऱ्यांना घास भरवता भरवता वहिनी आजींचे सुळे मार्गी लावत.

बढतीबद्दल त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. पण सासरे पडून असले तरी त्यांचे कान शाबूत होते; गप्पिष्ट रावसाहेब फोनवर बढतीचं सगळं बोलून गेले, ते त्यांनी ऐकलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी फोन मागून घेतला. जीभ जड झाली होती, जरब नव्हे.

"माझ्यामुळे हिला बढती नाही, आणि माझ्याच जेवणाच्या वेळी हिच्याकडून तुमचं काम? ठेवा फोन!"

रावसाहेबांनी मुकाट्याने ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र ते वहिनींना घेऊन थेट केबिनमध्ये शिरले. "साहेब, मी मोकळा आहे, पण प्रमुख याच आहेत. मला माझं टेबल परत द्या."

"मला जागा हवी आहे," वहिनी म्हणाल्या, "आणि मी वेळेवर घरीही जाणार. मला काय झेपतं ते मला विचारा, परस्पर ठरवू नका."

मॅनेजर बराच वेळ स्वच्छ चष्मा पुसत राहिले. मग नेमणुकीचा कागद आला, 'तात्पुरती' असा शब्द घालून. वहिनींनी त्यावर बोट ठेवलं. "रावसाहेबांच्या वेळी हा नव्हता." शब्द खोडला गेला.

घरी सासऱ्यांना कोण आनंद! "आता हाताखाली माणसं. रागावता येईल ना तुला?"

"येईल की, बाबा. आधी तोंड उघडा, घास गार होतोय."