नाव घेतलेला मेंढा

"मेंढा वसतिगृहात येणार नाही म्हणजे नाही!" दोन्ही हात आडवे लावून रखवालदार झिना मावशी दारात उभी होती.

"नका येऊ देऊ, बाई," समोरचा म्हातारा शांतपणे म्हणाला. डोक्यावर उंच पांढरी टोपी, अंगात जाड कोट, हातात दोर आणि दोराच्या टोकाला गळ्यात लाल चिंधी बांधलेला मेंढा. "पण माझ्या मुलाला, अशिरालीला, तेवढं बोलवा. म्हणावं, बाप आलाय. आणि प्रोफेसरही आलेत."

"कुठले प्रोफेसर?" झिना मावशी त्याच्या मागे रस्त्याकडे बघू लागली.

म्हाताऱ्याने दोर किंचित ओढून दाखवला.

मी किटली घेऊन जिन्यात उभी होते. इतकी हसले की पाणी पायावर सांडलं. हा मेंढा आमच्या गप्पांत कितीतरी वर्षं होता, पण राजधानीत, फ्रुंझेत, त्याला कोणी पाहिलं नव्हतं. आता शहराचं नाव बदललं, ते वसतिगृहही पाडलं, पण मला अजून स्वप्नात तोच जिना दिसतो.

अशिराली आमच्या साहित्य विभागातला सगळ्यांत जुना संशोधक विद्यार्थी. मी दाखल झाले तेव्हाच त्याच्या कानशिलावर पांढरे केस होते. आम्ही सगळे त्याला बाइके म्हणायचो, म्हणजे दादा. नारिनकडच्या डोंगरातल्या मेंढपाळाचा मुलगा. विषय होता लोककथांतले घोडे. तीन वर्षांत प्रबंध संपवून घरी जायचं, असं ठरवून आलेला हा माणूस. पण घोड्यांवरच्या त्या प्रबंधाचं घोडं कायम दोरोनबेक अगायांपाशी अडलेलं असायचं.

अगाय म्हणजे गुरुजी, आणि दोरोनबेक अगाय अशिरालीचे मार्गदर्शक. त्यांची लाल पेन्सिल विभागात सगळ्यांना ठाऊक होती. अशिराली एक प्रकरण नेऊन द्यायचा, ते हिवाळाभर त्यांच्या टेबलावर पडायचं आणि वसंतात रक्तबंबाळ होऊन परत यायचं. "पांढऱ्या घोड्याबद्दल लिहिलंस, मग काळ्याचं काय?" काळ्याचं लिहिलं की, "हे सगळं फार लांबलं."

त्यात जर्मनच्या परीक्षेने त्याच्या नाकी नऊ आणले. घोड्यांवर लिहायला जर्मन कशाला लागतं हे आम्हांला कधी कळलं नाही, पण नियम तो नियम. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत तो जर्मन क्रियापदं घोकायचा, आणि सूप दरवेळी करपायचं. टाइपरायटर सगळ्यांत मिळून एकच. रांगेत अशिरालीचा नंबर आला की एखादी नवी मुलगी रडवेली होऊन यायची, "बाइके, माझं उद्या द्यायचंय हो." की हा उठून तिला खुर्ची द्यायचा.

दुसऱ्यांच्या पदव्यांना मात्र तो हवाच असायचा. प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली की संध्याकाळी जेवण, आणि जेवण म्हणजे मेंढा. मुंडी कुणापुढे ठेवायची, कमरेचं हाड कुणाला, नळी कुणाला, हे चुकलं तर प्राध्यापक मंडळी वर्षभर रुसून बसत. अशिराली मटण वाढायला असला की मानपानात खोट निघत नसे. "तुझी पाळी कधी रे?" असं लोक त्यालाच विचारत, त्यानेच वाढलेलं हाड चोखत.

"मेंढा तयार आहे," तो हसून म्हणायचा. "माणूस व्हायचाय."

ते खरंच होतं. त्याला प्रवेश मिळाला त्या शरदात त्याच्या अतांनी, म्हणजे वडिलांनी, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही तळवे उघडून एका कोकराचं नाव घेतलं होतं. "हा माझ्या पोराच्या पदवीचा. मला पुस्तकातलं काही देता येणार नाही. त्याच्या गुरुजनांनी याचं मटण पोटभर खाल्लं की माझं देणं झालं." असं नाव घेतलेलं जनावर बदलत नाहीत. घरात लग्नं झाली, बारशी झाली, पाहुणे आले. दुसरे मेंढे कापले गेले आणि हा चरत राहिला. गावातली पोरं त्याला प्रोफेसर म्हणू लागली. अशिराली सुट्टीत घरी गेला की शेजारी विचारत, "काय रे, तुझ्यापेक्षा हाच आधी पास होतोय का?" पुढे पुढे त्याने सुट्टीत घरी जाणंच कमी केलं.

तर असा तो मेंढा अशिरालीच्या एकदाच्या ठरलेल्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ट्रकमधून शहरात आला, आणि झिना मावशीने त्याला शेवटी बॉयलरच्या खोलीमागे जागा दिली. वर कोबीची पानंही दिली. मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा अता त्याला पाण्यात भिजवलेली भाकरी हाताने भरवत होते.

"दात गेलेत त्याचे," ते म्हणाले. "काय करणार, पोरी. वाट बघता बघता."

पहाटे अतांनी स्वतःच प्रार्थना केली आणि स्वतःच सुरी चालवली. मागच्या अंगणात मोठी कढई चढली. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, पण मी दुपारी पळत जाऊन सभागृहाच्या मागच्या बाकावर बसलेच. शेजारी अता, टोपी गुडघ्यावर. अल्मा-अता शहरातून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "कथेतला घोडा नायकाशी फक्त संकटातच का बोलतो?"

अशिरालीने समोरची पानं मिटली.

"बोलत तो नेहमीच असेल," तो म्हणाला. "सुखात असताना आपण घोड्याचं ऐकत नाही."

सभागृह हसलं. दोरोनबेक अगाय हसले नाहीत, पण त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. परीक्षक मंडळाच्या मतदानात एकही मत विरुद्ध गेलं नाही. अतांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

मी कढईकडे धावले. मटणात सुरी घातली, तर ती आत जाईना. लाकडात घालावी तशी अडकली. तेवढ्यात अशिराली आला, नवीन टाय सैल करत.

"बाइके, हे शिजत नाहीये."

"सकाळपासून आहे ना चुलीवर?"

"रात्रभर ठेवलं तरी व्हायचं नाही. ऐक माझं. बाजारातून कोवळं मटण आणू, यात मिसळू. कुणाला कळणार आहे?"

"अतांना कळेल."

"नाही रे कळणार."

"बुरुल, त्यांनी त्याला आठ वर्षं हाताने भरवलंय," तो म्हणाला, आणि वाकून चुलीत आणखी लाकडं सारू लागला.

ते दारूबंदीचं वर्ष होतं, परीक्षेनंतरच्या मेजवान्यांनाही मनाई होती. त्यामुळे आमच्या वाचनखोलीत अधिकृतपणे अतांचा वाढदिवस होता आणि चहाच्या किटल्यांत चहा नव्हता. अतांनी तांब्या घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. अशिरालीने हाडं वाढली, नेहमीसारखी, एकही चूक न करता. मुंडी दोरोनबेक अगायांपुढे. पाहुण्यांत ते सगळ्यांत ज्येष्ठ.

मग खोलीत फक्त चावण्याचा आवाज. अर्ध्या मंडळींना कवळी. एकाने रश्श्याची तारीफ केली. दुसऱ्याने भाकरी घेतली, तिसऱ्यानेही भाकरीच घेतली. अल्मा-अताचे परीक्षक तुकडा या गालातून त्या गालात फिरवत होते. अता दाराशी तांब्या धरून उभे होते, एकेक ताट बघत.

"घ्या ना," ते म्हणाले. "कुणी घेत का नाही?"

अशिराली मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे मला बघवेना.

दोरोनबेक अगायांनी तोंडातला घास रुमालात काढला, रुमाल घडी करून ठेवला.

"वय काय याचं, अक्साकाल?" त्यांनी अतांना विचारलं. वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं, आदराने.

"आठ पूर्ण. तुमचा विद्यार्थी आणि हा, एकाच वर्षी दाखल झाले."

"म्हणजे तिसऱ्या वर्षी खायला हवा होता."

"हो ना. तेव्हा लोण्यासारखा होता. पण पोराचं काम व्हायचं होतं." अतांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

अगायांनी मुंडी बाजूला सरकवली. मग त्यांनी मधलं मोठं ताट स्वतःकडे ओढलं आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"सुरी द्या."

आमच्यात मटण बारीक चिरायचं काम पंगतीतल्या सगळ्यांत लहान माणसाचं. म्हाताऱ्यांना चावायला लागू नये म्हणून पोरं चिरतात. पहिल्या वर्षाचा मुलगा घाबरून उठलाच. "अगाय, अहो मी चिरतो!"

"बस खाली," अगाय म्हणाले. "हा मेंढा मी म्हातारा केलाय. मीच चिरतो."

आणि ते चिरू लागले. धाग्याला आडवी सुरी धरून, दोऱ्यासारखं बारीक. ज्या चिकाटीने त्यांनी अशिरालीची पानं लाल केली होती, त्याच चिकाटीने. बराच वेळ लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला, बोटं तेलकट झाली. ते थांबले नाहीत. कणकेच्या पातळ पट्ट्यांवर ते मटण पसरून त्यांनी वरून रस्सा घातला, पहिली ताटली भरली, आणि सगळा क्रम मोडून ती दाराशी उभ्या असलेल्या अतांच्या हातात दिली.

अतांनी तांब्या खाली ठेवला. उभ्याउभ्याच चार बोटांनी घास तोंडात घातला.

"झालाय," ते म्हणाले. "चांगला झालाय."

मग सगळे जेवले. असे जेवले की ताटात नुसती हाडं उरली, तीही घरच्या पोरांसाठी कुणी कुणी कागदात बांधून नेली. मी किटली हातात धरून रडत होते आणि झिना मावशी मला विचारत होती, "अगं, मटण तिखट झालं का?"

पुढच्या हिवाळ्यात अता गेले. अगायही काही वर्षांनी गेले. अशिराली पदवी घेऊन नारिनला परतला आणि तिथल्या अध्यापक विद्यालयात शिकवत राहिला. त्याचा प्रबंध छापून आला नाही, ग्रंथालयात आहे. मी तो माझ्या विद्यार्थ्यांना काढायला सांगते, तेव्हा ग्रंथपाल धूळ झटकून देतात.

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. मी मुद्दाम अशिरालीला बोलावून घेतलं. जेवण एका नव्या उपाहारगृहात होतं. वेटरांनी सगळ्यांना सारख्या ताटल्या आणून दिल्या, मऊ, बिनहाडाचं मटण. मुंडी नाही, मानपान नाही. लोक फोनवर फोटो काढत होते. पंगतीत सगळ्यांत ज्येष्ठ अशिरालीच होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या शेजारी ती विद्यार्थिनी बसली होती. दिवसभराच्या धसक्याने तिला घास जात नव्हता. अशिरालीने तिची ताटली स्वतःकडे ओढली, बाही वर सारली आणि ते मऊ मटण दोऱ्यासारखं बारीक चिरू लागला.

"अहो अगाय, राहू द्या," ती संकोचून म्हणाली. "मऊच आहे ते."

"असू दे," तो म्हणाला, आणि चिरत राहिला.