खाली बसणारी गाडी

थोरल्याने साबणाचं पाणी हवेच्या नळीच्या जोडावर ओतलं आणि वाट पाहिली. बारीक बुडबुडे आले, फुगले, फुटले. धाकट्या भावाची गाडी रोज सकाळी एका अंगाला बसलेली का सापडते, त्याचं उत्तर एवढंच होतं. जोडातली रबराची रिंग गेली होती. दहा मिनिटांचं काम. त्याने खांद्यावरचं फडकं ओढलं, फेस पुसून टाकला आणि गाडीखालून बाहेर आला.

"गाडी ज्यांच्यावर तोलते ते हवेचे बलून गेलेत," तो म्हणाला. "चारही. भर रस्त्यात दगा देतील. काढून टाकू आणि साध्या स्प्रिंगा बसवू."

"मग ते गाडी खाली घ्यायचं बटण?"

"बटण बंद. गाडी आता खाली बसणार नाही."

धाकटा जरा घुटमळला. आईला चढायला त्रास होईल, म्हणाला. सगळं जग चढतंच की गाडीत, असं थोरल्याने सुनावल्यावर त्याने किल्ली टेबलावर ठेवली. गाड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दादा म्हणेल ते खरं. हा विश्वासच थोरल्याला जास्त झोंबला.

गाडी उंच आहे, महाग आहे, याचं त्याला काही नव्हतं. असल्या छप्पन्न गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत सलायचं ते आईचं कौतुक. बटण दाबलं की गाडी चार बोटं खाली बसायची, आई अलगद उतरायची आणि भेटेल त्याला सांगायची, बघा, माझ्यासाठी कशी वाकते. उभा जन्म गॅरेजात वाकून थोरल्याची पाठ गेली, पण त्या वाकण्याचं कौतुक तिच्या तोंडून कधी निघालं नाही. ती धाकट्याकडे राहायला गेली, तेव्हापासून त्याने त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या दर रविवारी आईला मागे बसवून गाडी घेऊन हजर. कधी म्हणे आवाज येतोय, कधी म्हणे हवा बघ. मिरवायला येतो लेकाचा, थोरला मनात म्हणायचा आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीखाली शिरायचा. आई तासभर खुर्चीवर बसून त्याच्या बाहेर आलेल्या पायांशी बोलायची.

दोन दिवस लागले. शिकंज्यात स्प्रिंग आवळताना हात सुटला तर तोंड फुटेल, म्हणून ते काम तो एरवी शांतपणे करायचा. या वेळी दात आवळून केलं. तरी वेडंवाकडं त्याच्या हातून होत नव्हतं. चारही बाजूंची उंची त्याने टेप लावून मोजली. काढलेले बलून आणि हवेचा पंप त्याच संध्याकाळी भंगारात दिले, नंतर कोणी बघायला मागू नये म्हणून. "आता बस खाली," तो गाडीला म्हणाला आणि एकटाच हसला.

रविवारी धाकटा एकटा आला.

"आई कुठाय?"

"घरी. चढताच येईना तिला. स्टूल दिलं तर पडायची भीती, उचलतो म्हटलं तर रागावली. अर्धा तास दाराला धरून उभी होती."

थोरल्याने फडक्याला हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

"आज काय आवाज येतोय?" त्याने विचारलं.

"काही नाही." धाकटा खाली बघत म्हणाला, "कधीच नव्हता, दादा. आईच सांगायची, आवाज येतोय म्हण, हवा बघ म्हण. नुसतं भेटायला आलो म्हटलं तर तू गॅरेज बंद करून निघून जाशील, असं तिला वाटायचं."

थोरला गाडीच्या मागे गेला, दोन्ही तळहात टेकवून त्याने सगळा भार टाकला आणि सोडला. गाडी बोटभर दबली आणि लगेच वर येऊन स्थिर झाली. काम कुठेही चुकलं नव्हतं.