शेपटीची चाहूल

मी एक जुनी चुंबकसुई आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, जरा फटकळ आहे. सिल्वासातल्या एका मराठी शाळेत, प्रयोगशाळेमागच्या लहान खोलीत माझं आयुष्य गेलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत रेशमी दोऱ्याला मी टांगलेली आहे. अंगाला नखाएवढा आरसा चिकटवलेला. त्यावर दिव्याचा झोत पडला की समोरच्या भिंतीवर कवडसा उमटतो आणि मी किंचित वळले तरी तो सरकतो.

मला घडवलं श्रीकांत सरांनी. ते कोकणातले, नोकरीसाठी इकडे आलेले. मुलांना ते सांगत, "पृथ्वीभोवती चुंबकाचं न दिसणारं घोंगडं आहे. सूर्याचा वारा ते मागे ओढतो आणि त्याची लांबच लांब शेपटी होते, पार चंद्राच्या पलीकडे." त्या शेपटीतल्या चुंबकरेषा ताणल्या जातात, तुटतात, पुन्हा जुळतात. मग त्यांची वेटोळी सुटतात. काही दूर अवकाशात निघून जातात. काही पृथ्वीकडे धावतात, जवळ येता येता मंदावतात आणि बाजूंना पसरतात. त्यांचा धक्का इथवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. तेवढा मला पुरतो. शेपटी हलली की मी शहारते.

पण त्यासाठी मला लोखंडापासून लांब राहावं लागतं. म्हणून माझ्या खोलीत यायचं तर किल्ल्या, पट्टा, पिना सगळं दारातल्या टोपलीत काढून ठेवायचं, असा सरांचा नियम होता. शाळेची झाडलोट करणाऱ्या बायडाबाई खानदेशातल्या. आकड्या-पिना काढताना त्या रोज मला टोमणा मारत, "काय व माय, तुनं सोवळं." मी मनात म्हणे, असू दे, टोमण्यामागचं कौतुक कळतं मला.

सर निवृत्त होऊन गावी गेले आणि दिवा क्वचितच लागू लागला. शेपटी हलायची, मी शहारायचे, पण अंधारात ते कुणाला दिसणार? फार एकटं वाटायचं. बायडाबाई तेवढ्या यायच्या.

मग विज्ञानाच्या नव्या शिक्षिका पूजा मॅडम आल्या. त्यांनी धूळ पुसून दिवा लावला, माझा जीव सुखावला. पण मुख्याध्यापक अरविंद सरांना माझी खोली हवी होती. पावसात परीक्षेचे कागद भिजले होते, त्यांना तिथे लोखंडी कपाटं लावायची होती. त्यांचंही काही चूक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, सूर्यावरून वादळ निघाल्याची बातमी आहे. उद्या शेपटी खवळेल. ही सुई हलली तर खोली तिच्याकडे राहू द्या."

"हलली तर राहू दे," अरविंद सर म्हणाले.

तो उद्या म्हणजे खंडेनवमी. शाळेतल्या हत्यारांची पूजा होती. बायडाबाईंना वाटलं, आज हिचाही मान. सकाळीच त्यांनी बरणीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि माझ्या मेजाखाली, मेजपोशाआड, बागेची पहार, कोयता आणि हातोडा मांडले. पिना मात्र त्यांनी दारातच काढल्या होत्या. पूजलेलं लोखंड आडवं येत नाही, अशी त्यांची समजूत.

मी गच्च पकडली गेले. दुपारी मॅडम मुलांना घेऊन आल्या, दिवा लागला, सगळे भिंतीकडे बघत उभे राहिले. वर शेपटीत नुसती पळापळ चालली होती. मला ते कळत होतं, आणि वळता येत नव्हतं. कवडसा जागचा हलेना. मुलं कंटाळून निघून गेली. अरविंद सर हळूच म्हणाले, "राहू द्या मॅडम, जुनी झाली ती."

संध्याकाळी मॅडमना डोळे पुसताना पाहून बायडाबाई गडबडल्या. "मॅडम, खाली पहार आहे. मीच मांडली. पूजेची हत्यारं आज हलवायची नसतात, म्हणून तशीच ठेवली."

दोघींनी मिळून सगळं बाहेर काढलं. मी मोकळी झाले, पण तोवर वादळ ओसरलं होतं. मॅडम धावत अरविंद सरांकडे गेल्या. सरांनी शांतपणे विचारलं, "पुढचं वादळ कधी?" ते फार आधी कुणालाच सांगता येत नाही.

दिवाळीनंतर कपाटं आली. मी आता त्यांतल्या एकावर आहे, चोवीस तास त्याच्याकडेच तोंड करून. शेपटी अजूनही तुटते, जुळते, पसरते. पण एवढ्या लोखंडात मला त्यातलं काही कळत नाही. पूर्वी माझं ऐकायला कुणी नव्हतं, तरी मला शेपटी ऐकू येत होती. हे एकटेपण त्याहून वाईट आहे.

मित्रांनो, बायडाबाईंवर रागावू नका. त्यांनी मला जीव लावला, फक्त मला काय सोसत नाही ते त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्याची काळजी घ्याल, त्याला काय सोसतं ते आधी नीट बघा. आणि तुमच्यापैकी कुणाला जमलं, तर मला इथून उचलून मैदानापलीकडच्या मातीच्या खोपटात ठेवा. मान नको, हार नको. तिथे लोखंड नाही, एवढं पुरे.