बसलेला हात

लातुरात कशाचे क्लास निघत नाहीत, तेवढं विचारा. औसा रोडवरच्या बंद पडलेल्या मंगल कार्यालयात विरूपाक्ष सरांनी एअर पिस्तुलाचा क्लास काढला, तेव्हा लोक म्हणाले, आता डॉक्टरकी हुकलेली पोरं डॉक्टरांवरच नेम धरणार. क्लासात नाव घातलेल्या राजश्रीला या विनोदाचं हसू आलं नाही. खेळाडू कोट्यातली नोकरी हवी तर राज्य संघात नाव लागायला हवं होतं आणि वयाची अट यंदाच संपत होती. अडचण एवढीच, की ऐन वेळी तळहाताला घाम सुटायचा आणि पिस्तुलाची लाकडी मूठ हातात फिरायची.

सरांनी तिला खरखरीत काळी ग्रिप टेप दिली. तिने मूठ स्पिरिटने पुसली, कागदाचा नमुना बेतून टेप कापली, कडा उचकटू नयेत म्हणून कोपरे गोल केले आणि हेअर ड्रायरची ऊब देत दाबून दाबून चिकटवली. मूठ मांजराच्या जिभेसारखी लागू लागली. हात हलेना. छर्रे दहाच्या वर्तुळात असे जाऊ लागले, की सरांचा चहा कपातच निवायचा.

मग टेप झिजली. झिजायचीच. पण तिचा अंगठा टेकायचा तिथली खरखर जशीच्या तशी होती, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे तिचा नुसता तळवा लागायचा, तिथे एक रुंद अंगठा गुळगुळीत उमटला होता. डाव्या हाताचा; ती तर उजव्या हाताने नेम धरायची. तिने टेप बदलली, पिस्तूल कपाटात कुलूपबंद केलं, किल्ली गळ्यात अडकवली. नव्या टेपवरही तो अंगठा आला.

तिने सरांना दाखवलं. त्यांनी मूठ उलटीसुलटी पाहिली.

"हात बसलाय, पोरी."

"सर, पण कुणाचा?"

सर हसले. "बसलेला हात उठवू न्हाई. नांदेडची निवड चाचणी होऊ दे, मग काय सोलायचं ते सोल."

नांदेडला लॉजवर सकाळी तिने टेपचा एक कोपरा नखाने उचललाच. "शेंगा सोलायलीस का?" आई म्हणाली, "उशीर हुईल." राजश्रीने वयाच्या अटीचा विचार केला आणि कोपरा परत दाबून बसवला.

निवडीत तिचा एकही नेम ढळला नाही. शेवटचा छर्रा उरला. तो लागला की नाव पक्कं. तिने श्वास रोखला. हात दगडासारखा स्थिर झाला, आणि मग तितक्याच ठामपणे बाजूला सरकू लागला, तिला खांद्यापासून वळवत. कागदावरून भिंतीकडे, भिंतीवरून मागच्या खुर्च्यांकडे, आई बसली होती तिथे.

राजश्रीने पाचही बोटं उघडली. पिस्तूल पडलं नाही.

लेक हात दाखवतेय असं वाटून आईनेही हसून हात वर केला.