पहिल्या वाफ्याचं गवत

मालूला त्या चार वाफ्यांचा जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या घराचाही नव्हता, आणि हे त्याची बायको भिमी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. तिचं काही चुकत नव्हतं. घराच्या कुडाला भोक पडलं तर मालू महिनाभर त्यातून वारा खाई, पण वाफ्याच्या बांधाला चीर गेली की भरल्या ताटावरून उठून चिखल कालवायला पळे.

मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला कोंबड्या कापण्याचा कारखाना होता. तिथलं रक्ताचं, पिसांचं, विष्ठेचं धुवण ओहोळात पडायचं आणि गावाच्या खाचरांत उतरायचं. शेती-अभियांत्रिकीच्या कॉलेजातून नेहा मॅडम आल्या त्या ह्या पाण्याच्या मागावर. झाडांच्या मुळांकडून पाणी साफ करून घेता येतं का, हे त्यांना तपासायचं होतं. सन दोन हजारच्या उन्हाळ्यात त्यांनी ओहोळाकाठच्या उतारावर एकाखाली एक असे चार वाफे खोदून घेतले, त्यांत खडी भरली, आणि पहिल्यात हत्तीगवत, दुसऱ्यात पाणकणीस, तिसऱ्यात कर्दळ, चौथ्यात वाळा लावला. राखणीला मालूला ठेवलं. वरून येणारं लालकाळं पाणी चौथ्या वाफ्यातून निघताना इतकं निवळ असायचं की मालू बघायला येणाऱ्यांना त्यात आपापलं तोंड बघायला लावी.

मग पाण्यातली घाण जाते कुठं, हे मात्र गावात कुणी विचारलं नाही. मालूनंही विचारलं नाही. पाणी निवळलं म्हणजे घाण संपली, असंच सगळे धरून चालले होते. दर पंधरा दिवसांनी मालू पहिल्या वाफ्यातलं गवत कापायचा, ताणकाट्यावर तोलायचा आणि मागच्या खड्ड्यात टाकून वर चुना मारायचा. मॅडमना वजन हवं होतं, म्हणून एक काडीही बाहेर द्यायची नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. दिवाळीनंतर भोवताली नुसता पिवळा पेंढा असताना असं काळंभोर हिरवं गवत मातीत घालायला त्याच्याही जिवावर यायचं.

डिसेंबरात कॉलेजातून तपासणीचा कागद आला. मॅडमनी मालूला बांधावर बसवून सांगितलं की कोंबड्यांच्या घाणीतलं नायट्रेट ह्या गवताच्या कांड्यांत साठलंय. पेंढ्यानं पोट भरलेलं जनावर थोडं खाऊन कदाचित निभावेल, पण उपाशी जनावरानं भारा खाल्ला तर त्याचं रक्त नासतं आणि दोनेक तासांत ते गुदमरून मरतं. त्या म्हणाल्या, पाटी रंगवून लावू. मालूनं ती लावू दिली नाही. माझ्यावर सोडा, मी असताना कोण हात लावतो, असं छाती काढून म्हणाला. खरी गोष्ट वेगळी होती. आपल्या वाफ्यात विष उगवतं हे गावाला कळलं तर लोक वाफे बुजवतील, आणि त्याहून वाईट म्हणजे हसतील, ह्याची त्याला धास्ती होती. माणसाचा मोठेपणा कशावर पोसला जाईल सांगता येत नाही. मालूचा त्या गवतावर पोसला गेला होता. त्यानं भिमीलासुद्धा काही सांगितलं नाही.

आता लखमाबद्दल सांगायला हवं. लखमा मालूचा थोरला भाऊ, घर ओहोळाच्या पलीकडे. आठ वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा भांडण जमिनीवरून नाही, एका वासरावरून पेटलं होतं. गाय वितानाच मेली होती आणि मालूनं ते वासरू बोटावर पेज चाटवून जगवलं होतं. चांद्या नाव त्यानंच ठेवलं. पण गाडी थोरल्याकडे गेली, आणि गाडीमागं वासरूही गेलं. मालू आडवा आला तेव्हा लखमानं त्याच्या कानफटात अशी ठेवून दिली होती की डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

त्या साली लखमानं चांद्या-हरण्याची जोडी म्हशाच्या जत्रेत विकायची ठरवली, कारण त्याला खाचरात चालवायचा टिलर घ्यायचा होता. बाजाराला न्यायच्या जनावराची आमच्याकडे एक रीत आहे. दीड दिवस त्याच्यापुढं काही टाकायचं नाही. बाजारात खुंट्याला बांधलं की मग हिरवा चारा पुढ्यात लोटायचा. भुकेलं जनावर तुटून पडतं, बरगडीमागचा खळगा भरून येतो, आणि बैल कसा भरल्या अंगाचा दिसतो. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, कारण तोही विकताना हेच करतो.

निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, लखमा कोयता घेऊन थेट पहिल्या वाफ्यात उतरला. मालूकडे न बघता त्यानं सपासप कापायला सुरुवात केली. मालू धावत आला आणि त्याच्या समोर उभा राहिला.

"दादा, ह्ये गवत चाऱ्याचं नाय."

"मग कशाचं हाय?"

खरं उत्तर मालूच्या जिभेवर होतं. ते गिळून तो म्हणाला, "मॅडमचं हाय."

ह्याच्याइतकं वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. लखमानं कोयता उलटा धरला आणि मूठ मालूच्या तोंडावर मारली. पुढचे दोन दात तिथंच खडीत पडले. मालूनं त्याच्या कमरेला मिठी मारली, दोघं वाफ्यात आडवे झाले, गवत मोडत, लाथा झाडत. मालूनं भावाच्या दंडाचा असा चावा घेतला की तोंडात रक्त आलं, आणि ते कुणाचं हे त्याचं त्यालाही कळेना. लखमा अंगानं दीडपट. त्यानं मालूच्या मानेवर गुडघा देऊन त्याचं तोंड त्या घाणेरड्या पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. मालूचा उजवा हात खडीवर मुरगळला आणि मनगटात काहीतरी कटकन मोडलं.

"खड्ड्यात पुरतोस, पन भावाच्या बैलाला घालवत नाय तुझ्यानं," लखमा धापा टाकत म्हणाला. "पोर झालं नाय, म्हनून गवत पोसतोस काय रे?"

मालू आणि भिमीला मूल नव्हतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि इतक्या वर्षांत कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मालूनं चिखल थुंकला, रक्त थुंकलं. त्याच्या डोक्यातलं सगळं पेटून एकदम विझलं, आणि जे उरलं ते फार थंड होतं.

"ने," तो म्हणाला. "पोटभर घाल."

लखमानं दोन भारे बांधले आणि नेले.

भिमीनं मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद लावली आणि कितीदा तरी विचारलं, पण मालूनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना जोडी त्याच्या दारावरून निघाली. गळ्यातले घुंगुर मालूला उजव्या कानानं ऐकू आले. दारासमोर चांद्या थांबला. वासरू असताना तो ह्याच दारात पेजेसाठी उभा राहायचा, आणि आठ वर्षांत ती खोड गेली नव्हती. लखमानं पराणी टोचली, शिवी दिली, पुन्हा टोचली. मालू आत भिंतीला पाठ लावून बसला होता. चार पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. तो हलला नाही. घुंगुर रस्त्याला लागले आणि विरून गेले.

उन्हं वर आल्यावर भिमी वाफ्यावर जाऊन आली. पहिला वाफा अर्धा भुंडा दिसतोय आणि खड्ड्यात तर काही नाही, ते गवत गेलं कुठं, असं तिनं विचारलं. तेव्हा मालूनं सांगितलं. कागदाचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, आणि आपण "पोटभर घाल" म्हणालो तेही सांगितलं. भिमीनं ऐकून घेतलं आणि हातातली कळशी त्याच्या छातीवर फेकून मारली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्यावर हात उगारला होता.

"दादांनी तुला मारलं. बैलानं तुझं काय घेतलं व्हतं?"

मालू उठला. रस्त्यावर जत्रेच्या जीपा माणसं लोंबकळत धावत होत्या. मोडक्या हातानं दांडी धरता येईना, म्हणून त्यानं डावा हात आत अडकवला आणि फळीवर एका पायावर उभा राहिला. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांपुढं अंधारी यायची. म्हशाला उतरला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. घोंगड्यांची दुकानं, पाळणे, ढोल, धूळ, ह्या सगळ्यातून तो गुरांच्या बाजाराकडे माणसांना कोपरानं ढकलत पळाला. सुजलेलं तोंड आणि रक्ताळलेला सदरा बघून लोक आपसूक वाट देत होते.

लखमाची जोडी चिंचेखाली बांधलेली. एक भारा संपला होता, दुसरा सुटला होता. चांद्या मान खाली घालून खात होता, आणि हरण्या, मुळातच नाजूक खाणारा, अजून हुंगतच होता. एक गिऱ्हाईक चांद्याच्या खळग्यावर हात फिरवत मान डोलवत होतं. मालूनं पायानं भारा उधळून दिला आणि चांद्याच्या जबड्यात डावा हात कोपरापर्यंत घालून चघळलेला बोळा बाहेर ओढला.

"ह्यात इष हाय," तो म्हणाला. "खाऊ देऊ नको."

लखमाला वाटलं, सौदा मोडायला आलाय. त्यानं जमिनीतला मोकळा खुंटा उपटला आणि घातला मालूच्या पाठीत. मग खांद्यावर, मग मोडलेल्या हातावर. मालू पडला तरी तो मारत राहिला, आणि मालू पडल्यापडल्या लाथेनं गवत दूर लोटत राहिला. गिऱ्हाईक कधीच निघून गेलं होतं. लोकांनी लखमाला मागून धरलं तेवढ्यात चांद्याचे पुढचे पाय थरथरू लागले.

तो खोकल्यासारखा श्वास घेऊ लागला. जीभ बाहेर आली, ती निळसर झाली होती. मग एवढं मोठं जनावर गुडघ्यांवर बसलं आणि कुशीवर कोसळलं. जत्रेतल्या गुरांच्या डॉक्टरांना कुणीतरी हाताला धरून आणलं. त्यांनी मानेत सुई घातली तर रक्त कोऱ्या चहासारखं आलं. ह्याला निळं इंजेक्शन लागतं, ते म्हणाले, आणि ते माझ्या पेटीत नाही, मुरबाडहून आणावं लागेल. एक पोऱ्या मोटारसायकलवर गेलासुद्धा. मालू सरपटत गेला आणि त्यानं चांद्याचं डोकं मांडीवर घेतलं. चांद्या पाय झाडत होता, एक खूर मालूच्या नडगीवर बसून कातडी सोलली गेली, तरी त्यानं डोकं सोडलं नाही. मोटारसायकल परत यायच्या कितीतरी आधी ते डोकं जड झालं.

गर्दीतल्या बायका चुकचुकल्या. एक म्हातारा लखमाला म्हणाला की मोडक्या हातानं बिचारा सांगायला धावत आला आणि तू त्यालाच बडवलंस. सगळ्यांचे डोळे मालूकडे मायेनं लागले होते. त्या डोळ्यांआड लपून राहणं अगदी सोपं होतं.

लखमानं खुंटा खाली टाकला नव्हता. "तुला कंदी कळलं?" त्यानं विचारलं.

"काल ठावं व्हतं," मालू म्हणाला. "त्याच्या आदी पन. मी बोललो नाय."

लखमानं खुंटा उगारला आणि ह्या खेपेला त्याला कुणी धरलं नाही. मालूनं मान खाली घातली. खुंटा त्याच्या उजव्या कानावर बसला, आणि जत्रेचे ढोल, पाळणे, माणसं, सगळं एकदम लांब गेलं.

मेलेलं जनावर टेंपोत घालून गावी आणलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ज्याच्या पोटात ते गवत आहे ते कुत्र्यांना, गिधाडांना मिळू द्यायचं नाही, म्हणून त्याला चुन्याच्या खड्ड्यातच पुरायचं, हे मालूनं भिमीकडून सांगवलं. लखमानं होकारार्थी मान हलवली. त्यानं एकट्यानं खड्डा रुंद केला, खोल केला. टेंपोवाल्यानं आणि चार माणसांनी दोर लावून चांद्याला आत सोडलं आणि ती माणसं हात धुवायला ओहोळावर गेली. जे गवत पंधरा दिवसांच्या हिशेबानं ह्या खड्ड्यात पडायचं तेच आता चांद्याच्या पोटातून तिथं आलं होतं.

चांद्याची मान वाकडी अंगाखाली अडकली होती. मालूला ते बघवेना. तो खड्ड्यात उतरला, एका हातानं शिंग धरून मान सरळ केली, कपाळावरची माती पुसली. वर बघितलं तर लखमा काठावर फावडं घेऊन उभा होता. दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. मालूला कळलं की आता ह्यानं माती लोटली तर आपण ओरडणार नाही. तो उभाच राहिला.

पहिलं फावडं आलं. माती मालूच्या पायांवर पडली. दुसरं आलं, ते गुडघ्यांवर पडलं. तिसरं भरून लखमानं उचललं आणि तसंच धरून ठेवलं. फावड्याच्या कडेनं माती थोडी थोडी गळत होती. मग त्यानं ती बाजूला टाकली, फावडं उलटं केलं आणि दांडा खाली सोडला.

लखमा काहीतरी बोलला. मालूला ते ऐकू आलं नाही. आता दोन्ही कान सारखेच होते. त्यानं भावाच्या ओठांकडे बघितलं. लखमा वाकला आणि पुन्हा बोलला, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून.

"वर ये. हरण्याला पानी दावायचं हाय."

मालूनं डाव्या हातानं दांडा धरला.