चौकातल्या बस मी मोजल्या

मित्रांनो, मी एक जुने मोजणीयंत्र आहे. मुठीत मावणारे, पोलादी. अंगठ्याने खटका दाबला की माझ्या काचेतला आकडा एकाने पुढे सरकतो. मला एवढेच येते, पण ते मी कधी चुकवलेले नाही.

माझी पहिली नोकरी आगरदांड्याच्या जेट्टीवर होती. दिघीच्या बोटीत चढणारा प्रत्येक माणूस मी मोजत असे. तिथले कारकून, दादा, म्हणायचे, "ह्याच्या भरवशावर बोट सुटते." पुढे तिकिटांचे नवे यंत्र आले आणि मी खणात पडले. खाऱ्या हवेने माझा खटका गंजला. दादांची मुलगी सुचित्रा शहरात विज्ञानाची शिक्षिका. तिने शिवणयंत्राचे तेल घालून मला पुन्हा चालते केले.

तिला माझी गरज होती. किहीमच्या समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवरचे आमचे हे शहर झपाट्याने वाढत होते. सहलीच्या बसचा थांबा बालवाडीच्या भिंतीला लागून करायचे घाटत होते. त्या कामाचे अधिकारी शिवदासराव म्हणाले, "शहरात नोंदलेल्या बस फक्त अकरा. धूर असा कितीसा होणार?"

"आणि बाहेरून येणाऱ्या बसचा?" सुचित्राने विचारले.

मित्रांनो, धूर मुठीत धरून मोजता येत नाही. म्हणून वाहने किती, ती किती अंतर चालतात आणि तसले एक वाहन साधारण किती धूर सोडते, यांचा गुणाकार करून अंदाज काढतात. त्यातली पहिली संख्या माझी!

शनिवारी सुचित्रा सकाळपासून बालवाडीजवळच्या चौकात उभी राहिली. दुपारपर्यंत मी दोनशे चौदा बस मोजल्या. शिवदासरावांना ते पटेना. "मग पुढच्या शनिवारी तुम्हीच मोजा," म्हणत तिने मला त्यांच्या हातावर ठेवले.

ते खरेच आले. मासळी विकणाऱ्या हेमांगीने त्यांना बसायला रिकामा क्रेट दिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "साहेब, ती निळी बस तिसऱ्यांदा आली. उभी करायला जागाच न्हाय तिला."

शिवदासराव हसले. "बघा बाई, एकच बस तीनदा मोजली! आकडा फुगणारच."

"धूरही तिनं तीनदा सोडला, साहेब," हेमांगी म्हणाली.

भिंतीपलीकडे बालवाडीतली मुले गाणे म्हणत होती. मधेच एक पोर खोकले, मग दुसरे. शिवदासरावांचे हसू मावळले. बालवाडी सुटेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. आकडा झाला दोनशे एकवीस.

नगरपालिकेच्या सभेत कुणीतरी या आकड्यावर शंका काढली, तेव्हा शिवदासरावच उठले. "मी स्वतः मोजलंय," ते म्हणाले आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर धरले. थांबा शहराबाहेरच्या माळावर गेला. माझ्या आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

एकच गोष्ट मला जमत नाही, मित्रांनो. समोरून जाणारी गाडी मी मोजते, पण इंजिन चालू ठेवून नुसती उभी असलेली गाडी मला मोजता येत नाही. ती तुम्हाला दिसेल. तेव्हा चालकाजवळ जा आणि सांगा, "काका, चावी फिरवा, गाडी बंद करा."