हिवातली केळ

फुलंब्रीत केळ येत नाही, असं सांगणारी तोंडं सगीराबीला आता पाठ झाली होती. त्यातलं सगळ्यात मोठं तोंड तिच्या धाकट्या दिराचं, चांदपाशाचं. पोलीस अॅक्शन होऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. सगीराबीचा नवरा अल्लाला प्यारा झाला आणि विहिरीमागच्या सखल तुकड्यावरून घरात धुसफूस सुरू झाली. चांदपाशाला तिथं म्हशींचा गोठा बांधायचा होता. आणि ही बाई रावेरकडच्या माहेराहून केळीची पिलं आणून तिथं लावून मोकळी!

"भाभी, सखलात हिव साचतं. हिवात केळ मरती, एवढं बी कळत नाय तुम्हाला?"

"नाय कळत. अन् तुझ्याकडून शिकायचं बी नाय."

शेवटी शेजारच्या सांडूला मध्ये घालून ठरलं. पौषातलं हिव काढून केळी जगल्या तर तुकडा सगीराबीचा. मेल्या तर गोठा.

मग बाईनं जे मांडलं, त्यावर गाव पोट धरून हसलं. शहागंजच्या बाजारातून जुनं गोणपाट आणून तिनं केळीचे बुंधे गुंडाळले, बुडाशी भुसा चढवला, पहाटे ओल्या पाल्याचा धूर केला. गोणपाट कमी पडलं तशी स्वतःच्या लग्नातली रजई टराटरा फाडली.

"केळीला रजई! आता स्वेटर बी विणा," चांदपाशा म्हणाला.

"विणीन. तुझ्या का पोटात दुखतंय?"

पण पौषात असं हिव पडलं, की विहिरीकाठचं गवत पांढरं झालं. सकाळी सगीराबी जाऊन बघते तर केळीची पानं काळीठिक्कर, उकडलेल्या भाजीसारखी लोंबलेली. एवढं करून गेल्या का काय? तिनं गोणपाट सोडून बुंधा चाचपला. गार होता, पण घट्ट होता. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

तेवढ्यात चांदपाशा खांद्यावर कुऱ्हाड टाकून आलाच. मागं सांडू आणि त्याची बायको दगडाबाई.

"बघा सांडूभाऊ. खेळ खलास."

"पानं मेली," सगीराबी म्हणाली. "केळ नाय मेली."

"पानं गेल्यावर राह्यलं काय?"

"दाखवते. दे इकडं ती कुऱ्हाड."

त्याच्या हातातून ती तिनं हिसकावलीच. समोर होती सगळ्यात उंच केळ, उन्हाळ्यात घड देणारी. सगीराबीनं दात-ओठ खाऊन कमरेएवढ्या उंचीवर घाव घातले आणि ती आडवी केली.

"अगं माय! हाताशी आलेली केळ तोडली!" दगडाबाई कळवळली.

"आता बसा सगळे," सगीराबीला धाप लागली होती. "आमच्या माहेरी पोरंसोरं बी जाणतात. जित्या केळीचा गाभा तोडल्यावर बी वर सरकतो. मेली असंल तर सपाट राहील. ऊन चढू द्या. नाय सरकला तर बाकीच्या मीच उपटते."

बसले. दगडाबाईनं चहा करून आणला. चांदपाशा गोठ्याचं दार कुठं ठेवायचं ते बोटानं आखून दाखवत होता. सगीराबीचं कशातच लक्ष नव्हतं. हललं नाही तर? अल्ला, हलव रे! ऊन विहिरीवर आलं तरी काही दिसेना आणि तिचा चहा कपात तसाच निवला.

सांडू उठला, वाकला. "आयला! व्हय की!"

कापलेल्या बुंध्याच्या मधोमध पांढरी सुरळी बोटभर वर आली होती. चांदपाशानं ती अंगठ्यानं दाबून पाहिली. ती काही आत जाईना.

"ही एक निघाली जिती," तो गुरगुरला. "बाकीच्यांचं काय? त्या बी तोडून दाखवा."

"वा रे शहाण्या! तुझ्या खात्रीसाठी माझी एक गेली. आता पानाला बी हात लावून बघ. कुऱ्हाड माझ्या हातात हाय. बोला सांडूभाऊ, तुकडा कुणाचा?"

"सगीराबीचा," सांडू म्हणाला. "चांदपाशा, बास झालं आता."

चांदपाशाचा चेहरा पडला. "मग मी म्हशी बांधू कुठं?"

"तुझ्या दारात बांध," सगीराबी म्हणाली. "शेण तेवढं रोज इकडं आणून टाकत जा. माझ्या केळीला लई लागतं."